विरळ करणारे नेरूरकर

नेरूरकरांच्या घरी चहा करत नसत, विरळ करत. सकाळी उठल्याउठल्या ते एका पातेल्यात चहाचा काळाकुट्ट अर्क उकळत, गाळत आणि काचेचं बूच असलेल्या तपकिरी बाटलीत भरून ठेवत. ती बाटली दिवसभर देवांच्या खालच्या फळीवर असे. कुणी आलं की मापाच्या नळीत अर्क ओतायचा, नळी डोळ्यांच्या रेषेत धरायची, एक डोळा मिटायचा आणि पाहुण्याला विचारायचं, "तीव्रता किती?" उत्तर मिळालं की मग त्यावर हिशेबानं उकळतं पाणी आणि दूध.

मी गिरगावातल्या त्या चाळीत राहायला आलो त्याच आठवड्यात हा प्रश्न मलाही आला. मी आपला सरळ मनानं "कडक चालेल" म्हणून मोकळा झालो. नेरूरकर नळी तशीच धरून उभे. "कर्णिक, कडक हे विशेषण झालं. मला आकडा लागेल." मी छापखान्यात प्रुफं तपासणारा माणूस, माझा आकड्यांशी संबंध पानांच्या क्रमांकांपुरता. घाबरून "निम्मं निम्मं" म्हणालो. जे प्यायलो त्यानं पहाटेपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी नेरूरकर दारात येऊन, तुम्हाला एकास सात योग्य राहील, असं सांगून गेले. तेव्हापासून त्या घरात मी एकास सात होतो. समोरचे साटम एकास पाच होते. खोताची वाडी सोडून आमच्या चाळीत आलेले डिमेलो एकास दहा होते, आणि नेरूरकरांना त्याचं मनापासून वाईट वाटे.

नेरूरकर माटुंग्याकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्राध्यापक व्याख्यान देऊन, हातावरचा खडू झटकून निघून गेले की प्रयोगशाळेत मुलांच्या मागे उभं राहायचं काम यांचं. आणि मुलं यायच्या आधी, कपाटातल्या मोठ्या बाटल्यांतली घट्ट द्रावणं हवी तेवढी विरळ करून टेबलावरच्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवायचं कामही यांचंच. बाकीचे लोक नोकरी करतात आणि संध्याकाळी ती तिथंच ठेवून येतात. नेरूरकर ती घरी आणत. उंच, वाळका माणूस, कोटाला आम्लाच्या शिंतोड्यांनी पडलेली भोकं, बोटांची टोकं कायमची पिवळी. दाढी करताना लोक स्तोत्रं म्हणतात, हे "एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू" म्हणत. मी एकदा त्याचा अर्थ विचारला आणि माझी अख्खी संध्याकाळ गेली. सार एवढंच, की पाणी घालण्यापूर्वी घट्टपणा गुणिले माप जितकं, तितकंच ते पाणी घातल्यावरही भरतं.

"पाणी कितीही ओता, कर्णिक," ते म्हणाले, "मूळ ऐवज तेवढाच राहतो. पसरतो फक्त."

त्यांचा आवाज इतका भरून आला होता की मला पुढे काही विचारवेना.

नेरूरकरांनी लग्न केलं नव्हतं. घरी त्या दोघांचंच बिऱ्हाड, ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, माई. माईंना या विद्येचा अतोनात कंटाळा होता. दर वैशाखात गावाहून आगळ यायचं, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस. सोलकढी करताना बाकीच्या जगात तो रस अंदाजानं घालतात आणि चाखून बघतात. नेरूरकर त्याचा नमुना कॉलेजात नेत, तिथं त्यातल्या आंबटपणाचं मोजमाप करत आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवत: "एका वाटीस सहा वाट्या." माई ती चिठ्ठी वाचत नसत, कारण त्यांना वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यांनी वाचली नसती. मला म्हणायच्या, "काय सांगू तुमका, ह्येच्या घशात पाणी पण मापान जाता."

"आधी घट्ट, मग विरळ" हा नेरूरकरांचा मंत्र. कुठलीही गोष्ट एकदा नीट, घट्ट करून ठेवावी आणि लागेल तशी पातळ करून वापरावी. घट्टाचं विरळ केव्हाही करता येतं, विरळाचं घट्ट करायला तासन्‌तास आटवावं लागतं, असं ते बजावत. हे ते चहाबद्दल म्हणत, शाईबद्दल म्हणत आणि बोलण्याबद्दलही म्हणत. स्वतः बोलायचे ते इतकं मोजून की समोरच्याला वाटावं, याच्या पोटात आणखी बरंच आहे आणि हा आपल्याला दशांशच देतोय. ते खरंही असावं.

भांडणं मिटवायची त्यांची पद्धत मात्र चाळीला मान्य होती. एकदा साटमांच्या वाळत घातलेल्या धोतरावर वरून डिमेलोंच्या कुंडीतलं पाणी पडलं. साटम तापट. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. डिमेलो बिचारे माफी मागायला खाली यायला निघाले, तर नेरूरकरांनी त्यांना जिन्यातच अडवलं. सांगितलं, पाणी आम्लात ओतायचं नसतं, उसळून अंगावर येतं. आम्ल पाण्यात घालायचं, तेही थेंबाथेंबानं, ढवळत. मग त्यांनी साटमांचा दंड धरला आणि त्यांना गॅलरीतून हळूहळू न्यायला सुरुवात केली. प्रत्येक दारापाशी थांबायचं, त्या घरातल्यांना सगळी हकिगत साटमांकडूनच पुन्हा सांगायला लावायची. जिना चढून डिमेलोंच्या दाराशी पोचेपर्यंत साटमांना स्वतःच्याच गोष्टीचा कंटाळा आला होता. तिथं त्यांनी निमूटपणे कॉफी घेतली.

पण ही मोजण्याची हौस वेळेचं भान ठेवत नसे. चाळीतल्या एका लग्नात सरबताचं खातं नेरूरकरांकडे दिलं, आणि ती चूक आमची. साखरेला दमटपणा आला होता. म्हणजे वजनात पाणीही आलं, म्हणजे हिशेब पुन्हा पहिल्यापासून. ते साखर तव्यावर कोरडी करून परत तोलायला बसले. वऱ्हाड ठरल्यापेक्षा लवकर आलं, तहानेलं बसलं, साधं पाणी पिऊन जेवायला उठलं. सरबत आलं ते मुलगी सासरी निघताना. नेरूरकर मात्र समाधानात होते, कारण पहिल्या पेल्यापासून शेवटच्या पेल्यापर्यंत चव एक होती. मी ही गोष्ट पुढे किती जणांना रंगवून सांगितली असेल. आता सांगवत नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही या एकाच प्रश्नावर चाळ जेवत होती आणि झोपत होती. नेरूरकर पक्के मुंबईसह महाराष्ट्रवाले. प्रभातफेरीला यायचे, पण घोषणा देताना त्यांचा आवाज शेजारच्यालाही ऐकू येत नसे. चौपाटीवरच्या सभेहून परतताना आमचे घसे बसलेले असत आणि हे शांतपणे म्हणत, आजचा वक्ता घट्ट होता पण ढवळला कमी गेला. साटम त्यांच्यावर चिडत. मला त्यांची गंमत वाटे.

त्याच सुमाराला त्यांच्या बोलण्यात मिस गायकवाड यायला लागली.

नेरूरकरांनी कुणा विद्यार्थ्याचं कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या मते हल्लीची मुलं ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण सोडायची ती उभी काचनळी, पाण्याच्या नळासारखी उघडतात. आणि एक दिवस ते अर्काची बाटली हातात धरून, ओतायचं विसरून मला सांगायला लागले, की इंटर सायन्सच्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्या हाताखाली थेंब थांबतो. "थांबतो म्हणजे?" तर थांबतो. नळीच्या टोकाशी अर्धा लोंबत राहतो आणि ती सांगेल तेव्हाच पडतो. रंग फिकट गुलाबी झाला की तिथंच. त्यापुढे एक थेंब नाही.

हळूहळू, नेरूरकरी मापानं, बाकीचं कळलं. मुलीचं नाव विमल. लालबागला गिरणीच्या चाळीत राहायची. वडील साचेखात्यात, मागावर. त्यांच्या वस्तीतून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. वडिलांनी भावकीशी भांडून तिला इथवर आणलं होतं, पण त्यांचाही नाइलाज होता. इंटर एका दमात पास झाली तर पुढे शिकेल, नाहीतर आत्यानं आणलेलं स्थळ तयार होतं. नेरूरकरांनी मनातल्या मनात तिला बी. एस्‌सी. करून टाकलं होतं, आणि त्यापुढेही ते गेले होते. ते मला म्हणाले, "माझ्या मागे त्या बाटल्या कुणाच्या हाती द्यायच्या, ती काळजी मिटली." मुलीला यातलं त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिच्याशी ते "मिस गायकवाड, ब्युरेटचं वाचन पुन्हा घ्या" यापलीकडे बोलत नसत.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी लालबागच्या बाजूला गडबड झाली, अश्रुधूर सोडला, हे आम्हाला छापखान्यात कळलं. संध्याकाळी नेरूरकर घरी आले ते कोटासकट खाटेवर बसून राहिले. माईंनी विचारलं, मी विचारलं. डोकं दुखतंय म्हणाले. पुढे निकाल लागला तेव्हा मीच विषय काढला, तर "मिस गायकवाड नापास" एवढंच बोलून ते गॅलरीत गेले. मी माझ्या परीनं समजूत घातली, की एका परीक्षेनं काय होतं, पुढल्या वर्षी बसेल. आत्याच्या स्थळाचं मला आठवायला हवं होतं.

त्यानंतर नेरूरकर बदलले. म्हणजे कॉलेजात जात, येत. पण देवांखालची बाटली एक दिवस धुऊन पालथी घातलेली दिसली. चहा माई करायला लागल्या, चारचौघींसारखा, डोळ्यांच्या अंदाजानं. दाढी करताना आवाज येईना. चाळीनं आधी सुटकेचा श्वास सोडला आणि मग कुणाला करमेना. साटम मला म्हणाले, "च्यायला, एकास पाच म्हणून हाक मारायचा, बरं वाटायचं रे."

आणखी एक गोष्ट लक्षात आली. रविवारी दुपारी ते इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडत आणि दिवेलागणीच्या आत परत येत. विचारलं तर, लालबागला जाऊन आलो. कुणाकडे? कुणाकडे नाही. माईंना वाटलं, उशिरा का होईना, कुठे मन गुंतलं असेल. त्या बिचाऱ्या खूश होत्या.

पुढे कधीतरी गिरगावातही धूर सुटला. मोर्चा आमच्या रस्त्यावरून जात होता, तो पांगवताना नळकांडी येऊन पडली आणि लोक डोळे दाबत आमच्या चाळीच्या दरवाजातून आत घुसले. मी वरून बघतोय तर खाली नेरूरकर. चाळीचं पाणी साठवायचं पिंप त्यांनी दरवाजाशी ओढून आणलं होतं आणि हातात लोटा घेऊन येईल त्याची मान मागे करून त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत होते. ओतत म्हणजे अक्षरशः ओतत. आणि ओरडत होते. ज्या माणसाची घोषणा शेजारच्याला ऐकू जात नसे तो नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होता, "चोळू नका, डोळे उघडा, उघडे ठेवा." मीही खाली धावलो आणि बादल्या भरायला लागलो. गल्लीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर आला आणि म्हणाला, मास्तर, थोडं बोरिकचं पाणी करू का, डोळ्यांना ते बरं. नेरूरकरांनी त्याला हातानं बाजूला ढकललं. मी त्यांना कुणाला ढकललेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "काही घालायचं नाही. नुसतं पाणी."

दुपारपर्यंत रस्ता शांत झाला. पिंप तळाला गेलं होतं, आमच्या दोघांच्या धोतरांतून पाणी गळत होतं. जिन्याच्या पायरीवर बसलो. मला वाटलं, थोडी चेष्टा केली तर माणूस मोकळा होईल. म्हटलं, काय नेरूरकर, आज तीव्रता किती?

ते हसले नाहीत. लोटा पायरीवर ठेवला आणि त्या परीक्षेच्या दिवसाचं सांगायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होतो.

त्या सकाळी विमल लालबागहून चालत आली होती. ट्राम बंद होत्या. नाक्यावर धुरात सापडली. पोचली ती घंटेच्या आधी जेमतेम, डोळे लालभडक, सुजलेले, पाणी थांबत नव्हतं. परीक्षा सुरू झाली. ब्युरेट भरली, खालच्या फ्लास्कमध्ये रंग दाखवणाऱ्या सूचकाचे थेंब टाकले आणि द्रावण सोडायला लागली. फिकट गुलाबी रंग येतो तो क्षण पकडायचा, एवढीच ती सगळी परीक्षा. आणि तिला रंग दिसेना. नेरूरकर मागून चालले होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, सर, मला गुलाबी दिसत नाही.

बाहेरून आलेले परीक्षक समोर बसले होते. परीक्षेत डेमॉन्स्ट्रेटरनं उमेदवाराशी बोलायचं नसतं. नेरूरकर बोलले नाहीत. पण ते तडक भिंतीवरच्या औषधांच्या कपाटाशी गेले. तिथं डोळे धुवायच्या बोरिकच्या पाण्याची बाटली होती. बाटलीवरची चिठ्ठी पुसट झालेली. कुणी बनवलं, कधी बनवलं, किती टक्के, काही वाचता येईना.

"ज्याची तीव्रता मला ठाऊक नाही ते द्रावण मी मुलीच्या डोळ्यांत घालू?" नेरूरकर मला विचारत होते, जणू मी अजूनही नाही म्हणेन. "म्हणून ओतून टाकलं. ताजं करायला घेतलं."

ताजं म्हणजे नेरूरकरी ताजं. बोरिकची पूड काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलली. काटा डुलायचा थांबेपर्यंत थांबले. दोन टक्के म्हणजे किती पाण्यात किती, ते कागदावर मांडलं, पडताळून पाहिलं. पाणी उकळायला ठेवलं. उकळलं. त्यात पूड विरघळवली. आता ते उकळतं द्रावण डोळ्यांत घालता येईना, म्हणून फ्लास्क थंड करायला नळाखाली धरला.

मग हळू म्हणाले, "नळाचं पाणी माझ्या हातावरून वाहत होतं, कर्णिक. धो धो. मी ते बघत होतो. थंड, स्वच्छ पाणी. फ्लास्क निवायची वाट बघत मी ते मोरीत जाऊ देत होतो."

द्रावण कोमट झालं, ते मागे वळले आणि घंटा झाली. विमलच्या कागदावर उत्तराचा रकाना कोरा होता. परीक्षकांनी तो तसाच घेतला.

त्या धुराला बोरिक लागत नाही, नेरूरकर म्हणाले. नुसतं पाणी लागतं, भरपूर, आणि लगेच. हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. रसायनशास्त्राच्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. तिला हाताला धरून नळाखाली वाकवायचं, एवढंच काम होतं, आणि त्यासाठी बोलावंही लागलं नसतं.

मी काहीतरी म्हणालो. तुमचा हेतू चांगला होता, असंच काही. बोलताना मला ते लग्नातलं सरबत आठवलं आणि माझं बोलणं मलाच पोकळ वाटलं.

रविवारच्या फेऱ्यांचं कोडं तेव्हा सुटलं. ते लालबागला तिच्या चाळीपर्यंत जात आणि कोपऱ्यावरून परत फिरत. वर जाऊन काय बोलायचं ते सुचत नसे. एक क्षमा मागायची होती. ती मनात इतकी घट्ट झाली होती की तिचं विरळ कसं करायचं, हे त्या माणसाला उमगत नव्हतं. मी म्हटलं, या रविवारी मी येतो बरोबर. ते लगेच हो म्हणाले. मला वाटतं, कुणीतरी हे म्हणावं म्हणून ते थांबले होते.

विमल घरी असेल अशी आशा नव्हती. तिचं लग्न झाल्याचं कॉलेजात नेरूरकरांच्या कानावर आलं होतं. पण ती होती, बाळंतपणाला माहेरी आलेली. वडील पाळीवर गेले होते. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर होती, झोळीत तान्हं झोपलं होतं. नेरूरकरांना दारात बघून ती अशी लगबगीनं उठली की तिची आईच घाबरली.

"आई, सर आलेत. माझे प्रॅक्टिकलचे सर."

नेरूरकर "मिस गायकवाड" म्हणाले. तिनं हसून सांगितलं, की सर, आता मी सोनवणे. ते ओशाळले. मला ती फार आवडली. तिनंच सगळं बोलणं चालवलं. खिडकीकडच्या ब्युरेटची तोटी अजून गळते का, ते विचारलं. तराजूच्या खोलीत अजून कुणी जोरात दार लावलं तर सर ओरडतात का, ते विचारलं. नवरा कुर्ल्याला एका कारखान्यात होता, स्वभावानं बरा होता. आईनं चहा दिला. नेरूरकरांनी कप हातात धरून ठेवला आणि तो गार झाला. मी दोनदा त्यांच्याकडे सूचक पाहिलं. शेवटी ते जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला नळाखाली न्यायला हवं होतं. डोळे धुवायला. माझं चुकलं."

विमलला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"नाही हो सर," ती म्हणाली. "तुम्ही तर माझ्यासाठीच करत होतात ना. मला दिसत होतं, अंधुक अंधुक. तुम्ही तराजूकडे गेलात, मग बर्नरकडे. मी म्हटलं, सर औषध करताहेत, आता आणतील. म्हणून तर मी तोटी बंद केली आणि थांबले."

नेरूरकरांनी वर पाहिलं.

"शेजारची म्हणत होती, अंदाजानं आकडा टाक, काठावर तरी पास होशील," विमल झोळीला झोका देत सांगत होती, अगदी सहज, कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तशी. "तसं जमलं असतं सर. पण तुम्ही येणार होतात ना."

झोळीतलं मूल कुरकुरलं, ती त्याच्याकडे वळली. मी कपातला चहा संपवला, काहीतरी करायचं म्हणून. तिच्या आईनं बाळाचं नाव, वजन, जावयाची नोकरी असं बरंच काही सांगितलं आणि मी हो हो करत राहिलो. नेरूरकर उठले तेव्हा विमल वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी हात पुढे केला तो तिच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, मध्येच राहिला.

खाली रस्त्यावर आलो. पाळी सुटली होती, माणसांचे लोंढे गिरणीच्या दरवाजातून बाहेर पडत होते. ट्रामच्या थांब्यावर आम्ही उभे राहिलो. मला वाटत होतं, आता यांचं ओझं उतरलं असेल. मुलीच्या मनात राग नव्हता, उलट मायाच होती, मग आणखी काय हवं. तसं मी बोलूनही दाखवलं.

नेरूरकरांनी मान हलवली. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"मला वाटत होतं तिला दिसलं नाही म्हणून कागद कोरा राहिला," ते म्हणाले. "कर्णिक, ती माझी वाट बघत होती हो."

ट्राम आली, थांबली, घंटा वाजवून निघून गेली. मी चढलो नाही, कारण ते चढले नाहीत.